किंजळीपासूनचं अंतर

बाबल, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला, तेव्हा मला तुझा राग आला.

बाकी सगळे सुटल्यासारखे झाले. तुझ्या सुनंदाने डोळे पुसले. मागून कोणीतरी म्हणालं की बरं झालं, बाबलची कसली इच्छा मागे राहिली नाही. मी व्हाळाच्या काठावर उभी राहून तुला मनातल्या मनात शिव्या घालत होते. एवढी कसली घाई होती रे? जरा त्या कावळ्यांना माडावर ताटकळत ठेवलं असतंस. लोकांना घाम फुटला असता, एकमेकांची तोंडं बघितली असती, आणि शेवटी कोणीतरी पुढे येऊन म्हटलं असतं की तुला मारणाऱ्याला आम्ही सोडणार नाही. मग शिवायला सांगायचं होतंस. पण नाही. जन्मभर जे केलंस तेच मेल्यावर केलंस. सोडून दिलंस.

मी सोडलेलं नाही. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं लिहावं असं म्हणतात, पण तुझं चांगलं सगळ्या गावाला ठाऊक आहे, ते मी कशाला लिहू? कट्ट्याच्या बाजारातल्या तुझ्या पंप दुरुस्तीच्या दुकानात कोणालाही विचारावं. मी लिहितेय ती तुझी मोठी बहीण म्हणून, सरकारी दवाखान्यात जन्म काढलेली डॉक्टरीण म्हणून, आणि आपलं भांडण अर्धं राहिलंय म्हणून.

भांडण गडग्याचं, दोन शेतांमधल्या त्या चिऱ्यांच्या कुंपणाचं. आपल्या घराच्या वरच्या अंगाला त्याचं घर, म्हणून लहानपणापासून आपण त्याला ‘वरचा’ म्हणत आलो. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, तुझ्या शेजारी त्याचं नाव यायची त्याची लायकी नाही. आजोबांच्या वेळी दोन्ही शेतांमधला गडगा त्या मोठ्या किंजळीच्या झाडाला लागून होता. किंजळीपलीकडे त्यांचं, अलीकडे आपलं. मग दर पावसाळ्यात गडग्याचे चिरे कोसळायचे, आणि पाऊस सरला की वरचा ते मोठ्या शेजारधर्माने पुन्हा रचून द्यायचा, दरवेळी हातभर आपल्या बाजूला सरकवून. बघता बघता किंजळ त्याच्या शेताच्या मधोमध जाऊन बसली. मी सुट्टीला आले की ओरडायचे. मोजणी आण, तहसीलदाराकडे जा, काहीतरी कर. तू भातावर कढी ओतत म्हणायचास, “हातभर जमिनीन कोण गरीब होता गो? शेजारी तो. उद्या आग लागली तर तोच धावतलो.”

धावला ना. बंदूक घेऊन धावला.

पण आधी मला स्कूटरचं सांगायचंय, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा त्या रुग्णालयाची शवविच्छेदनाची खोली मागच्या अंगाला होती, जांभ्याच्या भिंती आणि वर तापलेला पत्रा. बाई डॉक्टर मढं कापते म्हणून लोक कुंपणावरून बघायचे. मदतनीस पाणी आणायला म्हणून जायचा तो येतच नसे. तू दुकान बंद करून यायचास आणि दाराबाहेरच्या पायरीवर पाठ करून बसायचास, आत कधी बघितलं नाहीस. मोठ्याने काहीतरी बडबडत राहायचास, पंपाचं वायसर, माशांचा भाव, कोणाचं लग्न मोडलं. मला आतून ऐकू यावं म्हणून. मी तुला त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाही. तो आवाज नसता तर मी पहिल्याच महिन्यात राजीनामा देऊन घरी बसले असते.

परतताना स्कूटरवर तुझा प्रश्न ठरलेला. “आज मेलेल्यान काय सांगल्यान गो आक्का?”

आणि मी सांगायचे. एकदा एक जिवंतच माणूस आला होता, डाव्या हातावर चाकूचे वार घेऊन. रस्त्यात अडवून अनोळखी माणसांनी मारलं म्हणत होता. वार कसले, एकाखाली एक आखल्यासारखे उथळ ओरखडे, आणि सगळे उजवा हात आरामात पोचतो तिथेच. मारणारा एवढी काळजी घेत नाही, आणि मार खाणारा एवढा गप्प उभा राहत नाही. त्याने स्वतःच ओढून घेतले होते, भावाला अडकवायला. तू इतका हसलास की तुला स्कूटर बाजूला घ्यावी लागली.

मग ती बाई. नवरा म्हणाला, पाय घसरून विळीवर पडली. पोटातल्या जखमेचं एक टोक तीक्ष्ण होतं आणि दुसरं बोथट, म्हणजे एका बाजूलाच धार असलेल्या सुरीचं काम. तरी विळीलाही एकच धार असते, वकील म्हणाला असताच. म्हणून मी तिचे हात उलटे करून बघितले. दोन्ही तळव्यांवर आडव्या खोल चिरा, आणि अंगठा व बोटाच्या मधली चामडी दुभंगलेली. तिने पातं धरलं होतं. धरलं, त्याने ओढलं, तिने पुन्हा धरलं. त्या दिवशी तू हसला नाहीस. अंगणात स्कूटर उभी करताना म्हणालास, “माणूस हात फुडे करताच मा गो?”

करतोच, मी म्हटलं. सुरी असो, कोयता असो, बंदूक असो. शहाणा असो, वेडा असो, दारू प्यालेला असो. हाताला कोणी शिकवावं लागत नाही.

बंदुकीचं तर आपल्याकडे नवल नाही. डुकरं भात लोळवतात, वानर नारळ पाडतात, म्हणून राखणीसाठी परवान्याची बंदूक घरोघरी नाही तरी वाडीत एखादी असतेच. चुकून माणसाला लागल्याची प्रकरणं माझ्याकडे येत. मी तुला समजावून सांगितलं होतं, आठवतं? छर्रे नळीतून एकगठ्ठा निघतात. बंदूक हाताच्या अंतरावर असली तर एकच भोक पडतं, त्याच्या कडा धुराने काळ्या होतात, भोवतीच्या कातडीत दारूचे बारीक दाणे रुतून बसतात, आणि कधीकधी काडतुसातला बोळाही जखमेच्या आत सापडतो. जरा लांबून लागलं तर मोठ्या भोकाभोवती सुटी सुटी भोकं. आणखी लांबून, तर पाठभर कांजिण्या फुटल्यासारखे छर्रे विखुरतात, आणि काळं काहीच नसतं. बंदूक कुठे होती ते जखम सांगते. बंदूकवाल्याला विचारायची गरजच नाही.

एकदा मी तसं कोर्टात सांगितलंही होतं. खरोखर चूक झाली होती त्या माणसाची, लांबून झुडपात हललं म्हणून त्याने बार काढला आणि पलीकडे त्याचाच मेहुणा होता. पाठभर विखुरलेले छर्रे. मी तसं सांगितलं आणि तो सुटला. गावात महिनाभर त्याचीच चर्चा. वरचा आपल्याकडे पडवीत बसून चहा पिता पिता म्हणाला होता की आक्कान बिचाऱ्याचा घर वाचवल्यान. ती गोष्ट त्याने नीट ऐकली होती. गोष्ट त्याला उचलता आली. जखम उचलता आली नाही.

या वर्षी तू शेवटी मोजणी मागवलीस. मी जिंकले असं मला वाटलं, तोंडावर म्हटलंही. तू म्हणालास की तुझी कटकट थांबवूक म्हणान मागवलंय, मोजणीवाले येवन जातले, मग तरी शांत बस. भात पिवळं पडलं होतं. त्या संध्याकाळी तू जुन्या हद्दीच्या खुणा दिसतात का ते बघायला वर गेलास. मी स्वयंपाकघरात चहा करत होते. बार ऐकू आला तेव्हा सुनंदा म्हणाली, डुकर आलं असेल. मी हो म्हटलं आणि तुझ्या कपात साखर घातली.

तू त्याने सरकवलेल्या गडग्याला टेकून पडला होतास.

वरच्याची गोष्ट तयारच होती. भातात काळं काहीतरी हललं, त्याला डुक्कर वाटलं, त्याने किंजळीकडून बार काढला. सोबत राखणीला त्याचा चुलतभाऊ मोहन होता. हाच तो मोहन, तुझ्याबरोबर शाळेत एका बाकावर बसणारा, तुझ्या लग्नात वाढपी म्हणून राबलेला. तोही म्हणाला, किंजळीकडून. पंचनाम्याला फौजदाराने वरच्याला विचारलं की तुमचा हद्दीवरून काही वाद होता का. मी चार पावलांवर उभी होते. त्याने किंजळीच्या बुंध्याला हात लावला आणि म्हणाला, “वाद कसलो, सायब? माझी हद्द ही हयसर, किंजळीकडे. मी माझ्याच हद्दीत उभो होतंय.”

ऐकलंस ना? जन्मभर जी गोष्ट आपण त्याच्याकडून वदवू शकलो नाही, ती त्याने पंचांसमोर आपणहून सांगितली. भांडण नव्हतंच असं दाखवायला त्याला गडगा जागेवर न्यावा लागला, आणि तुझ्यापासून लांब उभं राहायलाही तो गडगा जागेवर न्यावा लागला. हातभर हातभर चोरलेली जमीन एका वाक्यात परत. तू असतास तर तिथेच खाली बसून हसला असतास. मला हसू आलं नाही. मला त्याचा गळा धरावासा वाटला. हे मी लाजून लिहीत नाही, खरंच वाटला, आणि कुठे दाबायचं ते मला इतरांपेक्षा चांगलं कळतं.

तुला घरी आणलं ते बांधून, शिवून. छाती झाकलेली होती. आंघोळ घालताना शेजारच्या बाया म्हणत होत्या, आक्का, तुमी बघू नका. मी कशी न बघू? तीस वर्षं परक्यांना बघितलं आणि तुला बघू नको? मी तुझा उजवा हात उलटा केला. अंगठ्याच्या मुळाशी मांस फाटलेलं, कडा काळ्या, आणि तळवाभर बारीक काळे ठिपके. एक बाई म्हणाली, माती आसतली, धुवा. तिने पाणी ओतलं आणि मी अंगठ्याने घासलं. काळं थोडं निघालं. ठिपके निघाले नाहीत. मी घासत राहिले, निघणार नाहीत हे माहीत असूनही घासत राहिले, आणि मग थांबले आणि तुझी मूठ मिटून ठेवली.

किंजळीकडून आलेला छर्रा तळवा काळा करत नाही, बाबल. तू हात पुढे केला होतास. तो समोर उभा होता, दोन हातांवर, तू त्याचं तोंड बघितलंस, आणि तू नळीकडे हात पुढे केलास.

मला कधी कधी असं वाटतं की तो हात तू माझ्यासाठी पुढे केलास. आक्का बघेल, आक्काला कळेल. खरं नाही ते, मला कळतं. हात विचार करत नाही, हे मीच तुला सांगितलं होतं. पण वाटतं ते वाटतं, आणि ते वाटणं मी कोणाला काढून घेऊ देणार नाही.

शवविच्छेदन करणारा डॉक्टर तरुण, चांगला मुलगा. त्याने हळू आवाजात मला सांगितलं की छातीत एकच भोक आहे, कडा काळ्या आहेत, आणि आत बोळा मिळाला. त्याने सगळं लिहिलंही. पण पोलिसांत लिहिलेलं वाचायला वेळ कोणाला? बंदुकीने मेला, बंदूक कोणाची ते ठाऊक, चूक झाली म्हणतो, साक्षीदार आहे. निष्काळजीपणाचा गुन्हा लावला आणि तो जामिनावर सुटून घरी. मी फौजदारासमोर जाऊन बसले, अंतर समजावून सांगितलं. ऐकून घेतलं त्याने, अदबीने. म्हणाला, “मॅडम, तुमचं ज्ञान मोठं आहे, पण तुम्ही बहीण आहात. प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या.” मी विचारलं, कधी येईल? त्याने वर पंख्याकडे बघितलं.

मग सकाळ संध्याकाळ वरच्या अंगणातून त्याच्या कुळथाच्या पिठीचा वास यायला लागला. तो जेवतोय, हे नाकाला कळायचं. त्या दिवसांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सुनंदाला मी सांगितलेलं नाही. तुला सांगते. त्याची विहीर, त्याचा माड, त्याचा रात्री भुंकणारा कुत्रा, सगळं माझं मनात जाळून झालं. आणि त्याला स्वतःला मी इतक्या परींनी मारलं की माझ्याकडे आलेल्या सगळ्या मढ्यांच्या जखमा त्याच्या अंगावर संपल्या. तरी पोट भरलं नाही.

एके दिवशी मोहन आला. पडवीत टेकला, पण पाठ भिंतीला लावली नाही. निरोप घेऊन आला होता की वरचा गडगा परत किंजळीकडे नेऊन देतो, त्याच्या खर्चाने, चिरेसुद्धा नवे. सुनंदाने फक्त अपघात होता, आमची काही तक्रार नाही, एवढं सांगावं. मुलींची शिक्षणं व्हायचीत, कोर्टात जन्म जातो, वगैरे.

सुनंदा दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. हिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही. तिच्या पदरात दोन मुली आहेत, आणि वरचा तर वरच राहणार. ती म्हणाली, “आक्का, तुमी सांगशात तसा करूया. पण त्येच्या गडग्याक टेकान माझो घोव मेलो. तो गडगो माका खंयच नको, हयसरय नको नि थंयसरय नको.”

मी मोहनला म्हटलं की जमीन तर त्याने पंचनाम्यातच देऊन टाकली, आता तो काय देतोय? आणि मग विचारलं, “मोहन, तू खंय उभो होतंस?”

“किंजळीकडे.”

“आणि तो?”

त्याने चहाची कपबशी जमिनीवर ठेवली आणि उठून गेला. चहा तसाच. तेव्हा मला कळलं की खोट्यात अर्धं खरं मिसळलंय. किंजळीकडे कोणीतरी होतं, पण तो मोहन होता. मोहनच्या जागेवर वरच्याने स्वतःला नेऊन उभं केलं होतं, गडगा सरकवतो तसं.

जत्रा जवळ आली होती. वरचा मानकरी, हे तू जाणतोस. डोक्याला फेटा बांधून देवासमोर पहिल्या रांगेत उभा राहायचा, आणि गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना सगळ्या गावात त्याचा आवाज मोठा. कोणीतरी म्हणालं की यंदा त्याने मागे राहावं. त्याच्या घरून निरोप आला की चूक झाली म्हणून मान सुटत नाही. ते ऐकून माझं डोकं एकदम थंड झालं. असं थंड व्हायचं ते फक्त शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभी राहिल्यावर.

मी गाऱ्हाणं घालणाऱ्या घाड्याकडे गेले. म्हातारा आता काठी टेकून चालतो, पण आवाज तोच. त्याने आधीच हात जोडले. नाव घेऊन शाप घालायची देवळात रीत नाही म्हणाला.

“नाव नको घेव,” मी म्हटलं. “अंतर तेवढा सांग.”

त्याने काठी भिंतीला लावून ठेवली. त्याच्या घरीही बंदूक होती एके काळी. दोन हातांवरून बार लागला की काय होतं, ते या गावात मी एकटीच जाणते असं थोडंच आहे? शिकार केलेले सगळेच जाणतात. सगळ्यांनी तुझा तळवा बघितला होता, तुला गडग्याजवळून उचलताना. एवढा वेळ माझा राग एकट्या वरच्यावर होता. त्या ओसरीवर बसल्या बसल्या तो सगळ्या गावावर पसरला. घाड्याने शेवटी विचारलं की नारळ कोण देतलो? मी म्हटलं, सुनंदा देईल.

आणि दिला तिने. सकाळी ओट्या भरायच्या आधी ती देवळात आली तेव्हा बाया बाजूला सरल्या. नवरा जाऊन एवढ्यात जत्रेला, असं कोणाच्या तरी तोंडावर होतं, पण ओठांवर आलं नाही. तिने नारळ पुढे केला. वरचा फेटा बांधून पहिल्या रांगेत. मोहन त्याच्या शेजारी. घाड्याने नेहमीचं गाऱ्हाणं सुरू केलं, लेकराबाळांना सुखी ठेव, गुराढोरांना ठेव, मुंबईवाल्यांच्या नोकऱ्या सांभाळ, समुद्रावर गेलेल्यांना परत आण, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांचं ‘व्हय म्हाराजा’, वरच्याचं सगळ्यांच्या वर. मग म्हाताऱ्याने श्वास घेतला.

“आणि बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या गावातलो एक झील तिन्हीसांजेक आपली हद्द बघूक गेलो, तो घराक परत येवक नाय. त्येका दोन हातार उबो रवान बार घातल्यान, आणि किंजळीकडसून घातलंय म्हणान सांगता. तर म्हाराजा, ज्यान कोणी ह्या अंतर खोटा सांगल्यान आसात, त्येच्या तोंडातसून खरा काढून घे, आणि तवसर त्येच्या घासाक गोडी ठेव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

वरच्याचा आवाज सगळ्यांत आधी आला, बाबल. खणखणीत. जन्माची सवय, तोंड डोक्याच्या पुढे धावलं. स्वतःच्या घासातली गोडी त्याने स्वतःच देवाला देऊन टाकली, आणि मग कळलं त्याला. मी त्याची मान मागून बघत होते. फेट्याखाली ती हळूहळू लाल झाली. हे बघायला मिळालं म्हणून मी त्या देवाचे उपकार मानते, ज्याच्यावर माझा तुझ्याएवढा विश्वास कधी नव्हता.

आणि मोहन गप्प होता. सगळ्यांनी म्हटलं, त्याने नाही. म्हातारा त्याच्याकडे बघत थांबला. पुढचं वाक्य घेईना. मोहनने डोक्यावरची टोपी काढली आणि खालीच बसला.

“म्हाराजा,” तो म्हणाला, “किंजळीकडे मी होतंय. मी एकटोच होतंय.”

पुढचं त्याने पोलिसांत सांगितलं. तुझी आणि वरच्याची गडग्यापाशी बोलाचाली झाली. तू आवाज चढवला नव्हतास. तू म्हणालास की मोजणी होऊ दे, जे निघेल ते दोघं मानूया. एवढंच. मोहन म्हणाला की तू वरच्याला चहाला बोलावलंस, खाली चल म्हणालास. आणि त्याने बंदूक उचलली.

चहाला! तो कप माझ्यासमोर होता, साखर घालून ठेवलेला.

आता कलम बदललंय. तो आत आहे. प्रयोगशाळेचा अहवालही येईल केव्हातरी, तेच सांगेल जे तुझ्या तळव्याने मला पहिल्या दिवशी सांगितलं. लोक आता येऊन सांगतात की त्यांना आधीपासूनच शंका होती. मी त्यांना चहा विचारत नाही.

तुला हे सगळं आवडणार नाही, मला ठाऊक आहे. तू म्हणशील, पुरे आता गो आक्का, त्याच्या घरातही माणसं आहेत, त्याची म्हातारी आई दारात बसून रडते. रडते, मी ऐकते. मला तिची कीव येते आणि तरी मी खिडकी लावत नाही. तू चांगला होतास. तुझा चांगुलपणा हातभर हातभर सरकत तुझ्या छातीपर्यंत आला. मी चांगली नाही, आणि आपल्या दोघांत एकाने तरी नसायला हवंच होतं. हे आपलं भांडण मी जिंकलेय असं नाही. तू उठून एकदा तरी उलट बोलला असतास तर मी आनंदाने हरले असते.

मोजणीवाले येऊन गेले. खुणेचा दगड किंजळीजवळ लागला. गडगा सुनंदाने काढून टाकायला लावला, चिरे अजून शेतात पडलेत, कोणी घरी नेत नाही.

फौजदार परवा आला होता. वरच्याला जागेवर आणणार आहेत, पंचांसमोर कसं झालं ते करून दाखवायला. हातात बंदुकीऐवजी काठी देतात आणि मेलेल्याच्या जागी कोणालातरी उभं करतात, नाहीतर गोणपाट भरून ठेवतात. मी म्हटलं, गोणपाट नको, मी उभी राहते. तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला त्रास होईल.” मी म्हटलं, मला नाही व्हायचा.

तू पडलास तिथे मी उभी राहीन, बाबल. उजवा हात पुढे करीन, तळवा त्याच्याकडे. मग बघू, या वेळी तो किती लांब उभा राहतो.